पंचगंगेची पातळी तासातासाला कळते, साथीची का कळली नाही?

कोल्हापूर,
२० जून २०२५

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. केंद्रीय आरोग्यमंत्री, नवी दिल्ली

विषय : कोरोनाच्या साथीत झालेल्या सरकारी चुकांची आजवर चौकशी न झाल्याबद्दल

महोदय,

मी शिवाजी उद्यमनगरात तीस वर्षं वर्कशॉप चालवतो. चार लेथ, एक मिलिंग, एक ड्रिलिंग, कापायला गॅस कटर आणि नऊ माणसं, एवढाच पसारा. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून कास्टिंग येतं, ते मशीनिंग करून द्यायचं. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही, आणि राजकारणापासून चार हात लांब राहिलो म्हणूनच धंदा टिकला असं माझं मत आहे. गेल्या महिन्यात टीव्हीवर पुन्हा कोरोनाचे आकडे दिसायला लागले. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता आमचा एक कामगार म्हणाला, "मालक, परत शटर?" एरवी असल्या बोलण्यावर सगळे खिदळतात. त्या दिवशी कुणी हसलं नाही. पत्र लिहायला बसलो ते त्याच्या त्या दोन शब्दांमुळं.

आधी आमच्याकडच्या पुराबद्दल सांगतो, म्हणजे मला काय म्हणायचं आहे ते कळेल.

पावसाळ्यात कोल्हापूरच्या माणसाचं लक्ष एका आकड्यावर असतं, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. पानपट्टीवर उभा राहिलेला माणूससुद्धा सांगतो की सकाळी चौतीस होती, आता छत्तीस झाली, किती बंधारे पाण्याखाली गेले, राधानगरी धरणाचे किती दरवाजे आपोआप उघडले. नदीकाठच्या प्रयाग चिखली-आंबेवाडीची माणसं हुकमाची वाट बघत बसत नाहीत. पाणी चढायला लागलं की जनावरं सोनतळीकडं चालू लागतात. दुकानदार तळातला माल माळ्यावर टाकतो. पोलिसाला काठी उगारावी लागत नाही, कारण आकडा सगळ्यांपुढं असतो आणि त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये हे गणित कोलमडलं, मान्य आहे. नदी ५५ फुटांच्या वर गेली आणि निम्मा जिल्हा पाण्यात बसला. पण त्यानंतर सरकारनं वडनेरे समिती नेमली, समितीनं अहवाल दिला. त्यातलं किती अमलात आलं यावर आमच्या चहाच्या गाड्यावर रोज भांडण होतं. होऊ दे. निदान भांडायला कागद आहे. कोरोनात याच्या कितीतरी पट माणसं गेली आणि त्याचा असा एकही कागद राज्यानं काढलेला नाही.

साथ आली तेव्हा तुमच्या हातात कायदा होता १८९७ चा, ब्रिटिशांनी मुंबईच्या प्लेगसाठी घाईघाईनं केलेला. चार-पाच कलमांचा. सरकारनं काय काय करायला माणसाला भाग पाडावं हे त्यात आहे. सरकारनं माणसाला काय सांगावं, काय द्यावं, याबद्दल अक्षर नाही. त्याच वर्षी पुण्यात गोरे शिपाई घरात शिरले आणि पुढं रँडचं काय झालं हे शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. आमच्या संस्थानातही प्लेग आला होता. गाव मोकळं करायचं, माळावर, रानात झोपड्या घालून राहायचं, ही त्या काळची रीत. शाहू महाराजांनी लोकांना बाहेर काढलं, पण त्यांना झोपड्यांना सामान मिळेल हे आधी बघितलं. दर वर्षी ६ मेला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो. २०२२ ला, त्यांच्या स्मृतिशताब्दीला, तर अख्खं कोल्हापूर शंभर सेकंद उभं राहिलं होतं, मीही चौकात उभा होतो. कारभार मात्र आपण रँडच्या कायद्यानं केला. तो कायदा नव्यानं बघावा असं विधी आयोगानं फेब्रुवारी २०२४ मध्ये लिहून दिलंय. पुढं काही हाललेलं आमच्या कानावर नाही.

आता २४ मार्च २०२०. रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि बारा वाजल्यापासून देश बंद. मधे चार तास. भारतात पहिला रुग्ण सापडला होता ३० जानेवारीला, केरळात. म्हणजे विचार करायला जवळजवळ दोन महिने होते आणि आवराआवर करायला चार तास दिले. त्या रात्री माझ्याकडं काम करणारी सहा पोरं, चार बिहारची आणि दोन उत्तर प्रदेशची, सरनोबतवाडीच्या खोलीत अडकली. पगाराला सात दिवस होते. मी तांदूळ, पीठ पोचवलं, तालमीच्या पोरांनी भाजी दिली, महिनाभर असं चाललं. इचलकरंजीत यंत्रमागावर हजारांनी परप्रांतीय माणसं, त्यांना कोण पोचवणार? बीडकडची ऊसतोड मंडळी तर फडातल्या खोप्यात अडकली. बैल उपाशी, पोरं उपाशी. त्यांना घरी जायची परवानगी मिळाली १७ एप्रिलला.

इथं मी थोडा थांबतो, कारण सगळ्यात मोठी चूक मला इथं दिसते आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. देश बंद झाला तेव्हा रुग्ण होते काही शेकडा. मुंबईत कामाला असलेला आमचा चंदगड, आजरा, भुदरगड, शाहूवाडीचा माणूस तेव्हा गावी आला असता, तर बहुतेक निरोगी आला असता. पाच दिवसांची मुदत देऊन जादा गाड्या सोडल्या असत्या तर काम भागत होतं. आम्ही गणपतीला दर वर्षी याच्यापेक्षा जास्त गर्दी हलवतो. ते झालं नाही. त्यांना दहा बाय दहाच्या खोल्यांत, सार्वजनिक संडासांच्या रांगांत दीड महिना कोंडून ठेवलं, मुंबईत रोग पसरेपर्यंत. मग मे महिन्यात पास दिले आणि सोडलं. मे २०२० मध्ये आमच्या जिल्ह्याचा आकडा वर गेला तो असा. मार्चमध्ये अडवलं आणि मेमध्ये रोगासकट पाठवलं. गावानं मग रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्या, चर खणले, आपल्याच पोरांना जिल्हा परिषदेच्या शाळेत बाहेरून कडी लावून ठेवलं. दोन भावांत त्यामुळं आलेलं वितुष्ट मला माहीत आहे, अजून बांधावर बोलत नाहीत. आपण म्हणतो गावकरी निर्दय झाले. गावकऱ्याला कुणी सांगितलं होतं की किती दिवस वेगळं ठेवायचं, का ठेवायचं, कधी भ्यायचं आणि कधी नाही? त्याला फक्त भीती दिली होती.

परप्रांतीयांसाठी गाड्या सुरू झाल्या १ मेला. सुरुवातीला त्यांना डॉक्टरचा दाखला आणायला लावला, म्हणजे निरोगी माणसांची रांग आजाऱ्यांच्या दारात. त्याच आठवड्यात, ८ मेला, करमाडजवळ रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. चालत निघाले होते. सप्टेंबरात संसदेत विचारलं की असे किती मेले, तर कामगार मंत्रालयानं उत्तर दिलं की अशी आकडेवारी ठेवलेली नाही. माझ्या सहापैकी चौघं परत आले. दोघं आले नाहीत. त्यातला एक असा फिटर होता की कास्टिंगला हात लावून सांगायचा, आत पोकळी आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना, राज्यानं किराणा-भाजीची दुकानं सकाळी सात ते अकरा एवढीच उघडी ठेवायला सांगितली. हा रोग हवेतून जातो हे तोवर बऱ्याच शास्त्रज्ञांनी ओरडून सांगितलं होतं. बारा तासांत पांगून येणारी माणसं तुम्ही चार तासांत कोंबली. लक्ष्मीपुरीत साडेदहाला जे दृश्य असायचं ते आठवून बघा, खांद्याला खांदा, आणि अकराला पोलिसांची शिट्टी. आम्ही मशीनवाले. लोड कमी करायचा असेल तर तो पसरावा लागतो, एका जागी आणला की पीस तुटतो. हे आमच्या आयटीआयच्या पोराला पहिल्या महिन्यात कळतं. रस्त्यावर, भिंतींवर, कधी माणसांच्या अंगावरसुद्धा औषध फवारणं चालू होतं. माणसांवर फवारू नका असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं १८ एप्रिल २०२० लाच सांगितलं होतं, तरी कित्येक ठिकाणी फवारणीचे बोगदे तसेच उभे. खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा, हे साधं वाक्य मात्र एकाही चौकातल्या बोर्डावर मी वाचलं नाही. ते फुकट होतं म्हणून असेल.

आता ऑक्सिजन. हा माझ्या हातातला विषय आहे, म्हणून जरा लांबेल.

गॅस कटिंगला आम्ही जो मोठा सिलिंडर वापरतो, त्यात सात घनमीटर वायू बसतो, म्हणजे सात हजार लिटर. रुग्णाला मिनिटाला दहा लिटर लागत असेल तर एक सिलिंडर अकरा तास चाळीस मिनिटं पुरतो. नाकातून जोरात ऑक्सिजन सोडणारं मशीन मिनिटाला साठ लिटर खातं, त्यावर तोच सिलिंडर दोन तास पुरत नाही. हा हिशेब सहावीतला आहे. पहिल्या लाटेत, सप्टेंबर २०२० मध्ये, आपल्या राज्यात ऑक्सिजनची ओढाताण झाली होती. म्हणजे इशारा पातळी दिसली होती, बंधाऱ्यावर खूण उमटली होती. केंद्रानं हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या प्लांटची निविदा काढली ऑक्टोबर २०२० मध्ये, साथ सुरू होऊन आठ महिन्यांनी. १६२ प्लांट मंजूर झाले. १८ एप्रिल २०२१ ला, देशभर माणसं धापा टाकत असताना, त्यातले उभे राहिले होते ३३. हा आकडा आरोग्य मंत्रालयानं स्वतः दिलेला आहे. असला प्लांट काही अणुभट्टी नव्हे. कॉम्प्रेसर, दोन टाक्या, आत झिओलाइटचे दाणे, व्हॉल्व्ह आणि पाइपिंग. मला उद्यमनगरातले पाच जण माहीत आहेत जे त्याचा अर्धा सांगाडा पंधरवड्यात बनवून देतील. पण आम्हाला विचारणार कोण? शासनाच्या लेखी आम्ही बिगर-अत्यावश्यक, आमची शटरं खाली.

२२ एप्रिल २०२१ पासून थोडे उद्योग सोडून बाकी सगळ्या उद्योगांचा ऑक्सिजन बंद झाला. योग्यच होतं, उलट उशीर झाला. माझ्याकडं तीन सिलिंडर होते, दोन भरलेले. ते दोन्ही मी आधीच देऊन टाकले होते. घ्यायला आलेल्या पोराला मी विचारलं, आतून साफ कुठं करणार, व्हॉल्व्ह कोण तपासणार? कटिंगचा सिलिंडर सरळ माणसाला लावत नाहीत. पोरगा म्हणाला, "काका, ते वरचे बघतील." वरच्यांनी काय बघितलं मला ठाऊक नाही. त्याची नियमावली जानेवारीतच तयार ठेवायला हवी होती. जानेवारीत मात्र आपण साथ जिंकल्याचं जगाला सांगत होतो, आणि ७ मार्चला तर केंद्रीय आरोग्यमंत्री म्हणाले की साथीचा शेवटचा डाव चालू आहे. ज्याच्याकडं धरणाच्या दरवाजांची किल्ली, त्यानंच पाऊस संपला म्हणून जाहीर करावं, असं झालं ते.

नाशिकला २१ एप्रिलला टाकीची गळती होऊन ऑक्सिजन तुटला आणि बावीस माणसं गेली. तीन महिन्यांनी, २० जुलैला, राज्यसभेत लेखी उत्तर आलं की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेलं नाही. उत्तर देणाऱ्या राज्यमंत्री नाशिक जिल्ह्यातूनच निवडून आलेल्या होत्या. राज्यांनी कळवलं नाही, केंद्रानं विचारलं नाही, दोघंही कागदावर खरे. या मृत्यूंचं ऑडिट करा, असं संसदेच्या आरोग्यविषयक समितीनं २०२२ मध्ये सुचवलं. आम्ही अजून वाट बघतोय.

आमचे थोरले बंधू, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, मे २०२१ मध्ये गेले. बेड मिळाला तो तिसऱ्या दिवशी. दवाखान्याचं नाव घेत नाही, तिथल्या नर्स पोरी दोन-दोन पाळ्या करत होत्या आणि माझं त्यांच्याशी काही भांडण नाही. डॉक्टरांनी रेमडेसिवीर आणायला सांगितलं. त्या औषधानं मृत्यू टळतो असा पुरावा नाही, म्हणून रुग्णालयात ते देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्ये सांगून ठेवलं होतं. मला ते माहीत नव्हतं. सरकारला माहीत होतं. तरी वाटपासाठी जिल्हाधिकारी कार्यालयांना कामाला लावून, आकडे रोज छापून, सरकारनंच त्याला अमृताचा भाव आणला. मी दोन रात्री त्या बाटल्यांमागं फिरलो. आप्पांच्या उशाशी बसायच्या त्या दोन रात्री होत्या. नेमकं किती पैसे दिले ते लिहीत नाही, लाज वाटते.

चितेचं मात्र सांगितलं पाहिजे. कोल्हापुरात महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही, आणि दहन होतं शेणीवर, म्हणजे गोवऱ्यांवर. होळी लहान करून लोक शेणी स्मशानाला दान करतात. त्या मे महिन्यात पंचगंगेच्या घाटावर रात्रभर जाळ दिसायचा आणि खेड्यांतून शेणीचे ट्रॅक्टर येत होते. त्यासाठी कुणी अध्यादेश काढला नव्हता. पाच-सहा चिता सोडून आप्पांची. आम्ही तिघंच, लांब उभे. मृत्यूच्या कागदावर हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहिलं. छातीच्या स्कॅनमध्ये फुप्फुसं भरलेली होती, पण तपासणीचा कागद आलाच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पन्नास हजारांची मदत जाहीर झाली, आणि दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही एवढ्यावरून ती नाकारू नका असंही न्यायालयानं बजावलं. वहिनीनं तीन फेऱ्या मारल्या. प्रत्येक खेपेला नवा कागद. चौथ्यांदा ती गेली नाही. म्हणाली, "भावोजी, त्यांच्या जाण्याचा पुरावा मीच देत फिरू?"

असे किती जण असतील? नागरी नोंदणीचा २०२१ चा अहवाल यंदा मे महिन्यात बाहेर आला, चार वर्षांनी. देशात २०२० साली ८१ लाखांवर मृत्यू नोंदले गेले, २०२१ साली १ कोटी २ लाख. एका वर्षात एकवीस लाखांची उडी. त्या वर्षातले सरकारी कोविड मृत्यू साडेतीन लाखांच्याही आत. नोंदणी सुधारली म्हणून काही आकडा वाढला असेल, सगळे कोरोनाचे असं मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं दोन वर्षांचे ४७ लाख जादा मृत्यू सांगितले तेव्हा सरकारनं त्यांच्या गणितावर हरकत घेतली. हरकत घ्यायला हरकत नाही. पण मग आपलं गणित मांडा की. नदीची पातळी ४३ नाही असं म्हणणाऱ्यानं पट्टीवरचा आकडा दाखवावा लागतो.

लशीबद्दल थोडक्यात, कारण ती चूक न्यायालयानंच पकडली. लस बनत होती पुण्यात, आमच्यापासून चार तासांवर. तोच डोस केंद्राला १५० रुपयांना, राज्याला ३०० ला, खासगी दवाखान्याला ६०० ला. १ मे २०२१ पासून १८ वर्षांवरच्यांना लस जाहीर केली आणि १२ मेला राज्यानं ती थांबवली, कारण बाटल्याच नव्हत्या. नोंदणी मोबाइलवरच. माझ्या नऊपैकी चौघांकडं बटणाचा फोन. मोबाइलवर बोटं चालणारी शहरातली पोरं खेड्यातल्या केंद्रांवर जाऊन टोचून आली आणि त्या गावची माणसं ओट्यावर बसून बघत राहिली. हे धोरण सकृद्दर्शनी मनमानी आणि तर्कहीन आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. पंतप्रधानांनी ७ जूनला ते बदललं. बदललं ही चांगली गोष्ट. मधल्या पाच आठवड्यांची किंमत कुणी मांडली?

आणि मग जून-जुलै २०२१, जेव्हा बाकीचा महाराष्ट्र उघडत होता आणि कोल्हापूर अडकून पडलं होतं. राज्यानं पाच स्तर केले : बाधितांचं प्रमाण अमुक, ऑक्सिजनच्या खाटा तमुक, त्यावर दुकानं किती वाजेपर्यंत ते ठरायचं. कल्पना मला आवडली होती. अखेर कुणीतरी पातळी लावली असं वाटलं. पण पट्टी चुकीच्या जागी रोवली. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांना वेगळं धरलं, बाकी सगळा जिल्हा एक. आमचं शहर साडेपाच लाखांचं, म्हणून बारा तालुक्यांच्या गाठोड्यात. शंभर किलोमीटरवरच्या चंदगडातल्या तपासणीच्या आकड्यावर महाद्वार रोडचं शटर ठरू लागलं. व्यापारी रस्त्यावर आले ते पैशासाठी आले असं मुंबईत म्हणत होते. पैशासाठी आलेच होते, त्यात लपवायचं काय? हप्ते मुंबईच्या बँकेलाच भरायचे होते. बरं, नियम सगळ्यांना सारखे असते तर माणूस सोसतो. लग्नाला पंचवीस माणसं, दोन तासांत उरका, नाहीतर पन्नास हजार दंड, असा नियम चालू असताना २ मेला याच जिल्ह्यात गोकुळ दूध संघाचं मतदान झालं आणि ४ तारखेला निकाल. दोन्ही बाजूंना मोठमोठे नेते होते, त्यातले काही सत्तेतलेच. कायद्यानं ते बरोबर असेल. पण त्या आठवड्यात ज्याच्या पोरीचं लग्न पंचवीस माणसांत लागलं, त्यानं तुमचा पुढचा आदेश मनापासून का पाळावा? या जिल्ह्यात तुमच्या नियमांबद्दलचा विश्वास त्या तीन दिवसांत संपला.

शाळांचं एकच सांगतो. राज्यात बार उघडले ऑक्टोबर २०२० मध्ये. पहिली ते चौथीचे वर्ग उघडले १ डिसेंबर २०२१ ला. आमच्या शेजारचं पोरगं पहिलीत घरी बसलं आणि दुसरीचं निम्मं वर्ष सरल्यावर शाळेत गेलं. आज सहावीत आहे आणि जोडाक्षर आलं की गप्प होतं.

आशाताईंचं विसरून चालणार नाही. सप्टेंबर २०२० मध्ये घरोघर जाऊन तपासणी करणारी ती मोहीम झाली, तिचं नाव होतं ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’. ती जबाबदारी चालत गेली आशाताईंच्या पायांनी, पावसात, एका ऑक्सिमीटरवर. आमच्या मामेबहिणीची सून आशा आहे. जून २०२१ मध्ये त्यांना संप करावा लागला, तेव्हा कुठं दीड हजार रुपये महिना वाढले. कुठल्या गल्लीत खोकला सुरू झालाय हे सरकारच्या कुठल्याही ॲपच्या आधी त्यांना कळत होतं. साथीतली चिखली-आंबेवाडीची माणसं म्हणजे त्याच. त्यांना कुणी बैठकीला बोलावून विचारलं नाही, फक्त तक्ते भरून घेतले.

जुलैच्या शेवटी तर पूरही आला. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, आणि छावणीत माणसं मास्क लावून बसलेली. तेव्हा मी एक बघितलं. ज्या माणसांना दीड वर्ष नियम पाळत नाहीत म्हणून दंड होत होता, तीच माणसं पुराच्या वेळी एका सांगण्यावर उठून चालत होती, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन. माणसं तीच, नुसता आकडा त्यांच्या भाषेतला होता.

तेव्हा राज्यात एक आघाडी होती आणि दिल्लीत दुसरी. दोघांनी एकमेकांवर ढकललं आणि आता दोघांनाही तो विषय नको आहे. चौकशी झाली तर दोघांचीही पानं उघडतील, म्हणून विधानसभेत विरोधकही विचारत नाहीत आणि सत्ताधारीही. कोगनोळीच्या नाक्यापलीकडं कर्नाटकानं कोविडमधल्या खरेदीसाठी न्यायमूर्ती डिकुन्हांचा आयोग नेमला. त्यात राजकारण असेल, पण कागद तयार झाला. स्वीडननं आपल्या आयोगाचा अंतिम अहवाल फेब्रुवारी २०२२ मध्येच बाहेर काढला. ब्रिटनमध्ये माजी न्यायाधीश बाईंपुढं पंतप्रधान राहिलेली माणसं साक्ष देऊन आली. त्यात कुणी तुरुंगात गेलं नाही. मलाही कुणाला तुरुंगात घालायचं नाही.

माझी मागणी अशी. वडनेरे समिती नेमली तशी एक समिती साथीसाठी नेमा. तिच्यात अधिकारी असू देत, साथरोगाचे जाणकार असू देत, पण एक आशाताई असू दे, एक ग्रामसेवक, एक स्मशानातला कर्मचारी. सुनावण्या जिल्ह्याजिल्ह्यात घ्या, मुंबईत नको. आणि पुढच्या साथीसाठी राजाराम बंधाऱ्यासारखी पट्टी आत्ताच लावून ठेवा : अमुक इतक्या खाटा भरल्या की इशारा, अमुक झाल्या की धोका, त्या पातळीला काय बंद होईल, काय चालू राहील, कुणाला किती पैसे मिळतील, शहराची पातळी वेगळी, तालुक्याची वेगळी. ती तलाठ्याच्या चावडीवर लिहा, म्हणजे रात्री आठला टीव्ही लावायची गरज पडणार नाही.

समिती कोल्हापुरात आली तर मी साक्षीला येईन. आमच्या वर्कशॉपमध्ये सिलिंडरची आवक-जावक वही आहे, तारीख आणि सहीसकट. एप्रिल २०२१ चं पान तिच्यात आहे. दिलेल्या दोनपैकी एक सिलिंडर ऑगस्टमध्ये परत आला, त्याच्या गळ्यावर पांढऱ्या चिकटपट्टीवर बॉलपेननं लिहिलं होतं, ‘बेड १४’. दुसरा कुठं गेला ते समितीनं मला सांगितलं तर बरं होईल, वहीत त्याच्यापुढची जागा अजून रिकामी आहे.

आपला,
शिवाजी उद्यमनगरातला एक वर्कशॉपवाला
कोल्हापूर